थंडीत सकाळी गाडी पकडत नाही – जुनी डिझेल इंडिका, हीटर प्लग चारही बदलू का?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. गाडी इंडिका व्ही टू, डिझेल, 2006 चं मॉडेल, टर्बो नसलेलं साधं इंजिन. वडिलांनी घेतलेली आहे आणि घरात सगळ्यांचा जीव आहे हिच्यात, त्यामुळे विकून टाक हा सल्ला कृपया कोणी देऊ नका. दिवाळीनंतर थंडी पडायला लागली तसा त्रास सुरू झाला. सकाळी चावी दिली की तो पिवळा स्प्रिंगसारखा दिवा लागतो, विझतो, सेल्फ पण दणदणीत फिरतो, पण इंजिन काही पकडत नाही. बराच वेळ सेल्फ मारला की एकदाची धडधडत चालू होते, अख्खी गल्ली पांढऱ्या धुराने भरते, डोळे चुरचुरतात आणि पहिले मिनिटभर एखादा सिलिंडर बंद असल्यासारखी थरथरते. एकदा गरम झाली की मग दिवसभर अर्ध्या सेल्फवर चालू.
गावातल्या मेकॅनिकने बोनेट न उघडताच सांगितलं की हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) गेले, चारही टाका, आणि लागलीच डिझेल फवारणारे नोझल पण काढून पंपवाल्याकडे देऊ. खर्चाचं नंतर बघू, पण आधी मला हे कळायला पाहिजे की प्लगच गेलेत हे घरी कसं तपासायचं, चारही बदलायचे की गेलेले तेवढेच, आणि काढायला गेलं की हेडमधे मोडतात म्हणतात ते कितपत खरं आहे.

भरीत_पार्टी (जळगाव)
पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल आत पोचतंय पण पेटत नाहीये. नोझलला आत्ताच हात लावू देऊ नका.

आबा_शिरपूर
पह्यले बॅटरी देख रे भो. बॅटरीच बसेल व्हई त प्लग काय करतीन.

पुणेकर_पण_पारोळ्याचा
आबा, सकाळी सकाळी अहिराणी वाचून बरं वाटलं. इथे ऑफिसात कोणी "भो" म्हणत नाही.

केळीवाला_रावेर
मला एक सांगा, आपल्या खान्देशात हीटर प्लगचं काय काम? मे महिन्यात इथे बोनेटवर पापड भाजून निघतो. माझ्या ट्रॅक्टरला प्लग नावाची वस्तूच नाही, पहाटे चार वाजता मोटारीवर जायचं असलं तरी एका सेल्फमधे चालू होतो. हे गॅरेजवाले उगा काहीतरी बदलायला लावतात.

पांझरा_धुळे
दादा, ट्रॅक्टरची आणि जुन्या इंडिकाची बरोबरी करू नका, दोन्ही डिझेल असली तरी आतली रचनाच वेगळी आहे. ट्रॅक्टर डायरेक्ट इंजेक्शनचा, डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात फवारलं जातं. हवा दाबली की तापते, तेवढ्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं, विषय संपला. जुनी इंडिका, क्वालिस, प्यूजो इंजिनच्या जुन्या जीपा यांच्यात मात्र डिझेल आधी हेडमधल्या एका छोट्या कोठडीत फवारलं जातं, तिथे पेट घेतं आणि मग अरुंद वाटेने सिलिंडरमधे येतं. कोठडी लहान, भिंती लोखंडाच्या, रात्रभर थंड झालेल्या. दाबलेल्या हवेची बरीचशी उष्णता त्या भिंतीच पिऊन टाकतात. म्हणून तर या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबायची ते, 22 च्या आसपास ठेवावा लागतो, डायरेक्टवाल्यांचं 16 ते 18 वर भागतं. आणि एवढं करूनही कोठडीत लाल झालेलं हीटर प्लगचं टोक लागतंच, 800-900 डिग्रीपर्यंत तापतं ते.
आणि मे मधल्या 45 चं काय घेऊन बसलात, जानेवारीत धुळ्यात पारा 6-7 वर येतो. तुमच्याकडे केळीला चरका बसतो तो कशामुळे?

केळीवाला_रावेर
चरक्याचं नाव काढू नका. पारा 10 च्या खाली आला की आम्ही रात्रभर बांधावर काडीकचरा पेटवून धूर करत बसतो आणि पाणी भरतो, झोप कसली. कोठडीचं पटलं. पण मग माझ्या मेव्हण्याची स्विफ्ट डिझेल आहे, तिला प्लग आहेत आणि तो म्हणतो कधीचे बंद पडलेत तरी गाडी चालू होते.

पांझरा_धुळे
होणारच. स्विफ्टचं 1.3 चं इंजिन कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल, आणि डायरेक्ट इंजेक्शन. आपल्या हवेत ते प्लगशिवाय चालू होतं, थंडीत जरा खडखड आणि धूर जास्त एवढंच. अशी गाडी थंडीत चालू होत नसेल तर प्लगच्या आधी रेल प्रेशर बघायचं, सेल्फ मारताना साधारण 200 बारच्या पुढे प्रेशर चढल्याशिवाय कंप्युटर इंजेक्टर उघडतच नाही. धागाकर्त्यांची गाडी मात्र प्लगवरच जगते.

जुनी_जीप (शहादा)
आता तपासायचं कसं ते सांगतो, लांब होईल, चहा घेऊन बसा.
सगळ्यात आधी आबांचं ऐका. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला मीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. मग दुसऱ्याला सेल्फ मारायला लावा आणि मीटर बघत रहा, 10 च्या खाली घसरली तर बॅटरी नाहीतर जाड वायरींची टोकं बघायला पाहिजेत. सेल्फ हळू फिरला की हवा दाबली जाताना तिला गळायला वेळ मिळतो आणि तापायचं राहून जातं. तुमचा सेल्फ दणदणीत आहे म्हणता, तरी मोजा, कानावर जाऊ नका.
दुसरं म्हणजे तो पिवळा दिवा. बहुतेक लोक इथेच फसतात. दिवा लागला आणि विझला म्हणजे प्लग चालू आहेत असा अर्थ होत नाही. या जुन्या गाड्यांत तो दिवा फक्त टायमरचा आहे, पाण्याच्या टेम्परेचरवरून किती वेळ थांबायचं ते तो सांगतो. चारही प्लग मेलेले असले तरी दिवा बिचारा इमानदारीत लागणार आणि विझणार.
तिसरं, प्लगच्या डोक्यावरून एक पट्टी नाहीतर वायर चारही प्लगांना जोडलेली असते. कुणाला तरी चावी द्यायला लावा आणि त्या पट्टीवर मीटरची लाल पिन, काळी पिन इंजिनला. 11 च्या वर व्होल्ट आले तर रिले आणि मोठा फ्यूज ठीक. काहीच आलं नाही तर प्लगला हात लावायचीच गरज नाही, रिले नाहीतर फ्यूज गेलाय, आणि हे फार वेळा निघतं.
करंट येत असेल तर चावी बंद करून पट्टी काढा, चारही प्लग एकमेकांपासून सुटे करा. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब घ्या, एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या डोक्याला. बल्ब लागला तर प्लगची तार शाबूत, नाही लागला तर तुटली. मीटर असेल तर ओहमवर बघा, चांगला प्लग एक ओहमच्या आगेमागे दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही.

सोलरवाला_चोपडा
यात एक भर घालतो. आमच्यासारखे सौर पंप बसवणारे आता गावोगाव आहेत, आमच्याकडे डीसी क्लॅम्प मीटर असतं. प्लगच्या मुख्य वायरीभोवती ते अडकवून चावी द्यायची. एक जुना प्लग तापताना 10 ते 15 अँपिअर ओढतो, सुरुवातीला जास्त आणि मग तापला की कमी होत जातो. चारांचे मिळून 45-50 दिसले तर चारही जिवंत, 25 दिसले तर दोन गेले. काही उघडायचं नाही, दोन मिनिटांत निकाल. फक्त घरच्या लाईटवाल्याचं एसी क्लॅम्प चालणार नाही, त्यावर शून्यच येईल.

भरीत_पार्टी (जळगाव)
भारी आयडिया आहे ही. आमच्या गल्लीत पण सोलरवाला राहतो, आजच गाठतो त्याला.

तापी_एक्सप्रेस
एवढं सगळं कशाला? स्टार्टिंग स्प्रे मिळतो, एअर फिल्टर उघडून एक फवारा मारायचा, सेल्फ मारला की गाडी चालू. आमच्याकडे ट्रकवाले तर काकडा पेटवून फिल्टरपाशी धरतात, पिढ्यानपिढ्या चाललंय.

जुनी_जीप (शहादा)
नको. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवा, हीटर प्लगच्या गाडीला ईथरचा स्प्रे मारायचा नाही. आत प्लगचं टोक लाल असतं, ईथर त्याच्यावर गेलं की पिस्टन वर पोचायच्या आधीच भडका उडतो. रिंगा तुटतात, पिस्टनच्या कडा उडतात, कधी इनटेकमधूनच जाळ बाहेर येतो, तिथे तुमचं तोंड असतं. काकड्याचं पण तेच, जळकी चिंधी आत ओढली गेली की काय होईल बघा. आणि स्प्रेने गाडी चालू झाली म्हणून मूळ बिघाड जात नाही.

तापी_एक्सप्रेस
ठीक आहे, प्लगच्या गाडीला नको. पण डिझेलच थंडीत घट्ट होतं त्याचं काय? त्यासाठी लोक रॉकेल मिसळायचे ते तरी बरोबर ना?

पांझरा_धुळे
डिझेलमधलं मेण कमी टेम्परेचरला जमायला लागतं आणि फिल्टर चोक होतो, हे खरं. पण आपल्याकडच्या मानकात हिवाळ्याच्या डिझेलला ही मर्यादा 6 डिग्री आणि उन्हाळ्याच्या डिझेलला 18 आहे. म्हणजे नेहमी फिरणाऱ्या गाडीला खान्देशात हा त्रास जवळजवळ नाहीच. मे-जून मधे भरलेलं डिझेल कॅनमधे नाहीतर टाकीत तसंच डिसेंबरपर्यंत पडून असेल तर मात्र विचार करा. रॉकेल नकोच, जुन्या पंपाला डिझेल हेच वंगण आहे, रॉकेल घातलं की पंपाचं आयुष्य कमी होतं आणि पंपाचं बिल प्लगच्या कितीतरी पट. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढून टाका, ते काम खरं उपयोगाचं.

सौ_अमळनेर
मी आमच्या इंडिकाचे चारही प्लग घरी अंगणात स्वतः बदलले आहेत. मिस्टर टॉर्च धरायला होते. मोडतात का, तर हो, मोडतात, पण घाई केली तरच. सविस्तर लिहिते कारण त्या वेळी मला मराठीत कुठे वाचायला मिळालं नव्हतं.
गाडी आधी फिरवून आणायची, इंजिन पूर्ण गरम पाहिजे. हेड गरम असलं की थोडं फुगतं आणि प्लगची पकड सैल होते. थंड इंजिनवर पाना लावला की मोडायची शक्यता सगळ्यात जास्त. त्याच्या आदल्या दोन-तीन संध्याकाळी प्रत्येक प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडायचं, रोज थोडं थोडं, ते आट्यांमधून हळूहळू झिरपतं. मग बॅटरीची मायनस वायर काढायची. प्लगच्या भोवतीची जागा हवा मारून, ब्रशने स्वच्छ करायची, हे टाळायचं नाही, कारण प्लग निघाला की ते भोक थेट कोठडीत उघडतं आणि वाळूचा एक कण जरी आत गेला तरी तो सिलिंडरची भिंत ओरबाडतो. आमच्याकडे तर धूळ किती ते सांगायला नको.
वरचं छोटं नट काढताना प्लगचा दांडा फिरू द्यायचा नाही, तो आतून तुटतो. मग डीप सॉकेट, बहुतेकांना 10 नाहीतर 12 चा लागतो, प्लगवर सरळ पूर्ण बसवायचा, तिरका नाही, आणि लहान दांड्याचा पाना लावायचा. लांब दांडा घेतलात की किती जोर लागतोय ते हाताला कळत नाही. सोडवताना आधी अगदी किंचित आवळायचा दिशेने दाबायचं, मग उलट. कट्ट असा कोरडा आवाज येऊन सुटला तर छान. सुटत नसेल आणि पाना रबरासारखा लवतोय असं वाटलं की थांबायचं. तिथेच थांबायचं. पुन्हा तेल, पुन्हा गाडी गरम करायची, दुसऱ्या दिवशी बघायचं. हाताला ते लवणं कळतं, प्लगची मान पिळवटत असते. एम 10 च्या आट्यांच्या प्लगला साधारण 35 न्यूटन मीटरच्या पुढे गेलात की मोडायचा धोका, टॉर्क पाना (जोर मोजणारा) असेल तर तेवढ्यावर लावून ठेवा, नसेल तर कुणाचा तरी मागून आणा.
सैल झाल्यावर हाताने फिरवून काढायचा. आटे संपले तरी टोक बाहेर येत नसेल तर टोक फुगलंय नाहीतर कार्बनने धरलंय, ओढाताण करू नका, थोडा आत-बाहेर फिरवत काढा. माझा एक असाच होता, बाहेर आला तेव्हा टोकाला काळा चिवट थर होता आणि टोकाला बारीक फोड आलेला. भोकातला कार्बन काढायला खास रीमर मिळतो, त्याच्या खाचांना ग्रीस लावून फिरवला की काजळी ग्रीसला चिकटून बाहेर येते.
नवीन प्लग आधी हाताने पूर्ण आत बसवायचा, सहज फिरला पाहिजे. मग शेवटी बेताने आवळायचा, 15 च्या आसपास न्यूटन मीटर बऱ्याच प्लगांना पुरतात, पण पाकिटावर नाहीतर गाडीच्या मॅन्युअलमधे जो आकडा असेल तोच धरा.

गिरणाकाठ
ताई, हात जोडून आभार. हे प्रिंट काढून ठेवतो.

कन्नडघाट
ताई फार सुंदर लिहिलंय. फक्त एक विचारतो, आट्यांना कॉपर ग्रीस लावलं का? मी नेहमी लावतो, पुढच्या वेळी सहज निघतात.

सौ_अमळनेर
अगदी पातळ बोट फिरवलं, फक्त आट्यांना, टोकाला नाही.

जुनी_जीप (शहादा)
मी लावत नाही. प्लगचं अर्थिंग त्या आट्यांमधून आणि खालच्या तिरप्या बैठकीतूनच हेडला जातं, आणि ग्रीस लावलं की त्याच आकड्यावर प्लग जास्त आवळला जातो. लावायचंच असेल तर प्लगवाल्यांचं स्वतःचं ग्रीस मिळतं ते लावा आणि आवळताना हात आखडता घ्या.

कन्नडघाट
आमच्याकडे पावसाळ्यात इंजिनच्या खाचेत पाणी साचून आटे गंजतात, म्हणून मी तर लावणारच.

पुणेकर_पण_पारोळ्याचा
प्लगवरून भांडण होऊ नये म्हणून मधे पडतो. बामणोदची वांगी आली का बाजारात? घरी येतोय नाताळच्या सुट्टीत.

भरीत_पार्टी (जळगाव)
आलीत ना. शेतात काड्यांवर भाजून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, बडगीत ठेचून. सोबत कळण्याची भाकरी. रविवारी या, गाडी चालू झाली तर धागाकर्ते पण येतील.

केळीवाला_रावेर
नाही झाली तर मी ट्रॅक्टर घेऊन ओढायला येतो, त्याला प्लग लागत नाही.

गिरणाकाठ
सगळ्यांना निकाल सांगतो. बॅटरी 12.5, सेल्फ मारताना 10.4 पर्यंत, म्हणजे ठीक. पट्टीवर करंट येतोय, रिले चांगला. बल्ब लावून बघितलं तर पहिला आणि तिसरा प्लग मेलेला, दुसरा आणि चौथा जिवंत. आता मूळ प्रश्न परत, दोनच टाकू का चारही? गाडी दोन लाखाच्या पुढे गेली आहे आणि प्लग कधी बदलल्याचं घरात कोणाला आठवत नाही.

पांझरा_धुळे
चारही. उरलेले दोन त्याच वयाचे आहेत, आणि त्यांची तार शाबूत म्हणजे ते टोकाला तापतात असं पण नाही. जुना प्लग कधी कधी टोकाऐवजी मधेच तापतो, करंट तेवढाच ओढतो पण उष्णता चुकीच्या जागी.

कन्नडघाट
मी उलट सांगेन. जिवंत आणि घट्ट बसलेल्या प्लगला उगा हात लावून मोडला तर हेड उतरवायची वेळ येते. दोन बदला, गाडी चालू झाली तर पुढच्या थंडीपर्यंत बाकीचे राहू द्या.

सौ_अमळनेर
दोघांचं बरोबर आहे, ते प्लग किती सहज सुटतात त्यावर ठरवा. चार आणून ठेवा. मेलेले दोन तर काढायचेच आहेत. ते गरम इंजिनवर अलगद निघाले तर बाकीचे पण काढा. चिवट निघाले तर जिवंत दोघांना तेलावर ठेवून नंतर बघा.

जुनी_जीप (शहादा)
ताईंशी सहमत. खरेदीचं सांगतो, जुना प्लग नाहीतर त्याच्यावरचा नंबर घेऊन दुकानात जा. आटे, लांबी आणि व्होल्ट तिन्ही जुळले पाहिजेत. लांबी जास्त झाली तर टोक नोझलच्या फवाऱ्यात जाऊन जळतं, कमी झाली तर तापूनही उपयोग नाही. बॉश, बेरू, एनजीके असले नावाजलेले घ्या, पाकीट फोडून बघा, कारण नकली पाकिटं पण फिरतात. जळगावला अजिंठा चौफुलीच्या बाजूला पार्टची दुकानं आहेत, तिथे मिळायला हरकत नाही.
काढलेला प्लग घरी तापवून बघायची हौस असेल तर पकडीत धरून जंपर केबलने बॅटरीला लावता येतो, टोकापासून लाल व्हायला पाहिजे. पण हे फक्त जुन्या 12 व्होल्टच्या प्लगांना. नव्या गाड्यांचे प्लग 4.4, 5 नाहीतर 7 व्होल्टचे असतात, त्यांना थेट 12 दिले तर क्षणात जळतात, सिरॅमिकचा असेल तर फुटतो.

तोरणमाळ_प्रेमी
माझी शंका. आम्ही नंदुरबारहून तोरणमाळला मुक्कामी जातो, तिथे पहाटे गवतावर दहिवर गोठलेलं मिळतं. तिथे प्लग चांगले असूनही जीप पकडत नव्हती, पण उतारावर तोंड खाली करून लावली की सकाळी लगेच चालू. हे काय गौडबंगाल?

पांझरा_धुळे
गौडबंगाल काही नाही, लाईन एअर घेतेय. रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं आणि त्याच्या जागी हवा शिरते. तोंड उताराला लावलं की टाकी पंपापेक्षा वर राहते, डिझेल मागे जात नाही. फिल्टरवरचा हँड पंप सकाळी दाबून बघा, मऊ लागला आणि दाबत दाबत कडक झाला तर नक्की हवा.
आणि हे धागाकर्त्यांनी पण बघा. नोझलवरून नोझलला जाणारे ते करंगळीपेक्षा बारीक रिटर्न पाईप असतात ना कापडी विणीचे, त्यांचं रबर आपल्याकडच्या उन्हाळ्याने वाळून कडक होतं. मे मधे भेग पडते, तेव्हा गाडी गरम हवेत निमूट चालू होते म्हणून कळत नाही, आणि मग डिसेंबरात सगळे प्लगच्या नावाने ओरडतात. बोटाने पाईप वाकवून बघा, भेगा उघडतात. फुटावर मिळतो, अगदी स्वस्त. पंपाच्या आधी थोडा पारदर्शक पाईप जोडला तर बुडबुडे डोळ्याने दिसतात.

आबा_शिरपूर
हाई बरोबर शे. मनी गाडीना पाईपच फाटेल व्हता.

तापी_एक्सप्रेस
आणि समजा प्लग, बॅटरी, पाईप सगळं नवीन टाकलं तरी नाही झाली तर?

जुनी_जीप (शहादा)
मग कॉम्प्रेशन मोजा. प्लगच्याच भोकात डिझेलचं कॉम्प्रेशन गेज बसतं, म्हणून प्लग काढलेलेच असताना मोजून घेतलं तर दुप्पट मेहनत वाचते. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत. एखादा फार खाली असला तर व्हॉल्व्ह नाहीतर रिंगा, मग प्लग कितीही चांगले असू देत. निळसर धूर आणि ऑईल कमी होत असेल तर संशय तिकडेच. त्यानंतर पंपाचं टायमिंग, आणि सगळ्यात शेवटी नोझल. आपल्याकडे बरोब्बर उलट्या क्रमाने काम सांगतात, कारण नोझलचं बिल मोठं होतं.

गिरणाकाठ
मंडळी, काम झालं. रविवारी दुपारी गाडी हायवेने एरंडोलपर्यंत फिरवून आणली आणि लगेच हात घातला. पहिला आणि दुसरा ताईंनी लिहिल्याप्रमाणे कट्ट करून सुटले. तिसरा लवायला लागला, तिथेच थांबलो, तेल सोडलं, दुसऱ्या दिवशी गरम करून परत लावला तेव्हा किरकिरत निघाला. टोकाला कार्बनची टोपी बसली होती. चौथा त्याच्यापेक्षा चिवट आहे आणि तो जिवंत आहे म्हणून ताईंच्या सल्ल्याने तेलावर ठेवलाय, घाई नाही. तीन नवे बसले. रिटर्न पाईप वाकवून बघितला तर पांझराभाऊ म्हणतात तशाच भेगा होत्या आणि एका जोडावर बाहेरून डिझेलची ओल, तो पण अख्खा बदलला, हँड पंपाने एअर काढली.
आज सकाळी चांगली थंडी होती. दिवा विझायची वाट बघितली, सेल्फ मारला, लगेच पकडली. धूर थोडा आला आणि थरथर आहे अजून जराशी, ती चौथ्यामुळे असेल का?

पांझरा_धुळे
असू शकते. चौथा बदलेपर्यंत दिवा विझल्यावर चावी बंद करून परत एकदा द्या आणि मग सेल्फ मारा, कोठडी जास्त तापते. आणि आयडलिंग गरम झाल्यावर सरळ होत असेल तर काळजी नको. सेल्फ मात्र एका दमात दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मधे थांबा, मोटर जळते.

सौ_अमळनेर
छान वाटलं वाचून. मेकॅनिकला राग येऊ देऊ नका हं, पुढे लागतोच तो.

गिरणाकाठ
नाही ताई, जुने प्लग त्यालाच नेऊन दाखवले. टोकाची टोपी बघून म्हणाला चौथा माझ्यासमोर काढ, रीमर मी देतो.

तुफान_नंदुरबार
उशिरा आलो. माझ्याकडे जुनी ट्रॅक्स आहे, तिच्यात म्हणे जुन्या तारेचे प्लग आहेत आणि एक गेला की चारही बंद पडतात. असं असतं का? सारंगखेड्याच्या यात्रेला माणसं न्यायची आहेत, पहाटे निघावं लागतं.

जुनी_जीप (शहादा)
असतं. फार जुन्या रचनेत प्लग सिरीजमधे, एकातून दुसऱ्यात करंट जातो, एक तार तुटली की सगळेच थंड. आधी बघा, तुमच्या प्लगच्या डोक्यावर एक वायर आहे की दोन. दोन असतील तर सिरीज, मग प्रत्येक प्लगच्या दोन टोकांमधे ओहम मोजायचा, जो काहीच दाखवणार नाही तो काढायचा. त्याला इंडिकाचा प्लग चालणार नाही आणि थेट बॅटरी तर अजिबात लावू नका, एकेका प्लगला एक-दीड व्होल्टच पुरतात. डोक्याचा फोटो टाका, मग पुढचं सांगतो.

तुफान_नंदुरबार
दोन वायरी आहेत. फोटो संध्याकाळी टाकतो.